४.३ प्रेक्षकांचा प्रतिसाद आणि गीतचित्रफितीची सुधारणा

गीतचित्रफितीचे पहिले संकलन झाले की ते इतरांना दाखवावे. ‘आवडली का?’ असे विचारल्यास परिचित माणूस सौजन्याने ‘छान’ म्हणतो आणि आपल्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी ‘काय पाहिलेत ते सांगा’ असे म्हणावे.

समजा, तुम्ही जात्यावरच्या ओवीवर चित्रफीत केली आहे. दळणारी सासुरवाशीण माहेर आठवते आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे. कारण ती ओवी तुम्ही अनेकदा ऐकली आहे. पण ५ पैकी ४ प्रेक्षकांनी ‘एक बाई दळते आहे’ एवढेच सांगितले, तर माहेर तुमच्या मनातच राहिले, पडद्यावर उतरले नाही.

एखादा म्हणेल, ‘शब्द कळत नाहीत, ते खाली लिहून दाखवा.’ येथे तक्रार आणि उपाय वेगळे करावेत. तक्रार खरी मानावी. उपाय शोधणे मात्र निर्मात्याचे काम. जात्याची घरघर गळ्यापेक्षा वरचढ झाली असेल, तर ती कमी केल्यानेही शब्द मोकळे होतील.

प्रत्येक अभिप्राय मिनिट-सेकंदासह नोंदवावा. एकाच जागी अनेकांचे लक्ष उडाले, तर ती जागा प्रथम दुरुस्त करावी. सुधारित चित्रफीत नव्या प्रेक्षकांना दाखवावी. जुन्यांना आशय आधीच कळलेला असतो.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न : तुमच्या चित्रफितीवरील कोणतेही ३ अभिप्राय घेऊन त्यांतील तक्रार व सुचवलेला उपाय वेगळे लिहा.