बारीक कामासाठी एअरब्रश : निवड कशी करावी?

(द्वितीय वर्ष, कला)

पेणजवळच्या एका गणपतीच्या कारखान्यात मी सुट्टीत रंगकाम करते. मूर्तीच्या अंगाचा रंग मोठ्या स्प्रेगनने देतात व डोळ्यांची आखणी कुंचल्याने होते. ह्या दोहोंमधले काम, म्हणजे गालांवरची छटा, सोंडेच्या वळ्या, पितांबराच्या चुण्यांतली सावली, हे एअरब्रशचे. गेल्या वर्षी माझ्या मजुरीतून मी पहिला एअरब्रश घेतला आणि तो चुकला. ती चूक इतरांच्या हातून होऊ नये म्हणून हा लेखनप्रपंच.

दुकानदाराने विचारले, "काम बारीक ना? मग ०.२ चाच न्या." हा आकडा नोझलच्या तोंडाचा, मिलिमीटरमध्ये असतो. तोंड जितके लहान तितकी रेघ बारीक, हे मलाही पटले. पहिल्याच दिवशी मुकुटासाठी सोनेरी रंग भरला आणि ब्रश तुंबला. सोनेरी रंगात चकाकणारे कण असतात; ते इतक्या लहान तोंडातून सुखाने जात नाहीत. घाईने साफ करताना सुईचे टोक वाकले व फवारा एका कुशीला जाऊ लागला. आठवड्याची मजुरी नव्या सुईत गेली. घरी आईला हे सांगायला मला दोन दिवस लागले.

तेव्हा नोझलच्या आधी पाहावी ती खटक्याची रचना. सिंगल ॲक्शन ब्रशमध्ये खटका दाबला की हवा व रंग एकदमच येतात. रंगाचे प्रमाण आधी स्क्रू फिरवून ठरवावे लागते. डबल ॲक्शनमध्ये खटका खाली दाबल्यास हवा, मागे ओढल्यास रंग. त्यामुळे एकाच हालचालीत रेघ केसासारखी सुरू करून रुंद करता येते आणि पुन्हा विरवता येते. सोंडेची वळी अशीच निघते. हात बसायला वेळ लागतो, परंतु बारीक कामाला दुसरा इलाज नाही.

मग रंगाची वाटी. ती वर असली तर रंग आपल्या वजनाने उतरतो, कमी दाब पुरतो. दर चौरस इंचाला १५ पौंडांच्या आसपास दाब ठेवून ब्रश मूर्तीच्या अगदी जवळ नेता येतो, आणि जवळून मारल्यासच रेघ बारीक येते. बाटली खाली लावलेल्या ब्रशमध्ये हवेला रंग वर ओढावा लागतो, म्हणून दाब जास्त. मात्र त्यात रंग पुष्कळ मावतो व बाटली बदलून चटकन दुसरा रंग घेता येतो. एकाच रंगाच्या पन्नास मूर्ती असतील तर तोच सोयीचा.

आकड्यांविषयी माझे मत असे की, नवख्याने ०.३ घ्यावा. रंग दुधासारखा पातळ करून कापडातून गाळला तर त्यातूनही पुरेशी बारीक रेघ निघते. ०.२ शाईला किंवा तशाच पातळ रंगाला योग्य. ०.५ सोनेरीला व मोठ्या भागांना. रघुवीर मुळगावकरांची कॅलेंडरावरील चित्रे पाहताना त्यांतील त्वचेची मऊ छटा मला आता निराळी दिसते. ती नुसत्या नोझलच्या आकड्यातून आलेली नाही!

एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. आमचे काम आषाढ-श्रावणात चालते. कॉम्प्रेसरमध्ये दमट हवा दाबली की तिचे पाणी होते आणि ऐन गालावर थेंब उडतो. नळीत पाणी अडवणारी गाळणी बसवल्यावाचून कितीही महागडा ब्रश व्यर्थ आहे. खरेदीआधी सुई बाहेर काढून टोक उजेडात पाहावे, सुटी सुई व नोझल मिळतात का हेही विचारावे.

सध्या मी वरच्या वाटीचा, डबल ॲक्शन, ०.३ चा ब्रश वापरते. सोनेरी रंगासाठी मालकांचा जुना बाटलीचा आहे. ०.२ चा ब्रश नव्या सुईसह डबीत ठेवला आहे. भुवयांच्या कडेची पुसट छाया तेवढी त्याने देते.