कोऱ्या पत्राचे उत्तर

पुणतांबे,
श्रावण शुद्ध षष्ठी

चि. ताईस, काकाचे अनेक आशीर्वाद.

काल धाकट्या आत्याचा नातू गोदेच्या घाटावर भेटला असता त्याने सहज म्हणून जे सांगितले ते खोटे ठरावे अशी माझी इच्छा आहे. परंतु आपल्या घराण्याची तिरकस जीभ मला ठाऊक असल्यामुळे रात्री झोप लागली नाही. तुझ्या एका विद्यार्थ्याने सुप्याच्या एका कारखान्याकडे नोकरीसाठी ई-मेल धाडला, त्यात विषयाची ओळ रिकामी, मायना नाही, मजकूर नाही, खाली नाव नाही, नुसता बायोडेटा जोडलेला. आणि तू तो वर्गातील पडद्यावर मोठा करून दाखविलास, वर्ग हसला, आणि त्या दिवसापासून तो मुलगा वर्गात फिरकलेला नाही, हे खरे काय?

चूक त्याची आहे, हे निर्विवाद. आवक-जावक नोंदवहीवर मी हयात घालविली असल्यामुळे विषयाविना आलेला कागद टेबलाटेबलांवरून कसा बेवारशी हिंडतो हे मला तू सांगायला नको. हेमाडपंताच्या नावावर पत्रलेखनाचे जे मेस्तक सांगतात, त्यातही कोणास काय लिहावे याचे दंडक आहेतच. आणि तुमचे ते ‘सीसी’ म्हणजे आमच्या टंकयंत्रातील कार्बनची प्रतच की! तेव्हा रीत शिकविलीच पाहिजे. पण बारा मुलखांत फजिती करून रीत शिकविता येते, हे तुला कोणी सांगितले? तो मुलगा वर्गात येतो की नाही?

ज्या गावातून हे लिहितो तेथे चांगदेवांची समाधी आहे, लहानपणी तू तिच्या पायरीवर चिंचा खात बसायचीस. ज्ञानदेव वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावे, की ज्ञानाने थोर म्हणून ‘तीर्थरूप’, हे न उमगून त्या योग्याने कोराच कागद पाठविला, अशी कथा आहे. चौदाशे वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असे मुक्ताई बोलली. मात्र निवृत्तिनाथांच्या आज्ञेवरून ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले. मायना न सुचणे हा नेहमीच उद्धटपणा नसतो, ताई. पुष्कळदा ती भीती असते. मुक्ताईला बोलण्याचा अधिकार होता. आपल्याकडे उत्तर लिहिण्याचे काम आहे.

हे मी कोणत्या तोंडाने सांगतो, तेही ऐक. 1972 च्या दुष्काळात मी नवा कारकून होतो. पाझर तलावाच्या कामावर घ्यावे म्हणून एका शेतकऱ्याने अर्ज आणला होता, त्यावर हुद्दा चुकीचा आणि मायना एखाद्या व्याह्याला लिहावा तसा. मी तो मोठ्याने वाचून दाखविला आणि सारी कचेरी हसली. त्या गृहस्थाने अर्जाची चौघडी केली, टोपीत खोचली आणि तो उन्हात चालता झाला. दोन ओळी मी लिहून दिल्या असत्या तर माझी शाई संपणार नव्हती. पुढे त्याला काम मिळाले की नाही, मला कळले नाही. ती टोपी मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

फार बोललो, मनावर घेऊ नकोस. तू मनाने वाईट नाहीस. नव्या नोकरीत आपली हुशारी दिसावी असे मलाही वाटले होते. त्या मुलाला तूच लिही. विषयाची ओळ, नीट मायना, कामाचे एकच वाक्य, खाली तुझे नाव. त्याला धडाही मिळेल आणि निरोपही.

वसतिगृहातून तू धाडलेले पहिले पोस्टकार्ड माझ्या पेटीत आहे. पत्त्याच्या जागी तू ‘काका, पुणतांबे’ एवढेच लिहिले होतेस. पोस्टमन हसला खरा. पण ते कार्ड त्याने बरोबर आपल्याच दारी आणून दिले.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा काका

ता. क. मुलगा वर्गात आला की त्याच दिवशी कळव. विषयाची ओळ रिकामी राहिली तरी चालेल.