उंद्रीत बसून ग्लायडर शिकायचंय? आधी हा हिशोब करा

चैत्रातल्या दुपारी बुलढाणा जिल्ह्यातल्या आपल्या उंद्रीच्या शिवारात नांगरलेल्या काळ्या रानावर घारी पंख न हलवता गोल गोल वर चढतात. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या त्याच झोतावर ग्लायडरही चढतं. इंजिन नाही. एका झोतात उंची कमवायची आणि ती खर्चत पुढचा झोत गाठायचा, याला क्रॉस-कंट्री म्हणतात. त्यातला पहिला मोठा टप्पा म्हणजे ‘सिल्व्हर’ बिल्ला: 50 किलोमीटर अंतर, 1,000 मीटर उंचीची कमाई आणि सलग 5 तास हवेत. हे अंतर आपल्या भाषेत सांगायचं तर चिखलीवरून निघून सरळ रेषेत खामगाव गाठायचं.

खरं ग्लायडर शिकायला महाराष्ट्रातलं ठिकाण म्हणजे पुण्यातलं हडपसरचं ग्लायडिंग सेंटर. पुण्यातल्या उंद्रीकरांना ते जवळ. आपल्या उंद्रीपासून मात्र रस्त्याने सुमारे 400 किलोमीटर. म्हणून आधी घरी सिम्युलेटरवर, जाणत्या वैमानिकाच्या देखरेखीखाली शिकणं आपल्याला परवडतं. पण पैसा चुकीच्या जागी जाऊ देऊ नका.

सुरुवात फुकट होते. ‘फ्लाइटगिअर’ पूर्णपणे मोफत आहे आणि त्यात ग्लायडर आहेत, उष्ण झोतही आहेत. मोबाईलवर ‘एक्ससी-सोअर’ हे अंतर-उंचीचा हिशोब सांगणारं ॲपही मोफत मिळतं आणि खरे वैमानिकही ते वापरतात.

मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर दिसायला देखणा आहे. 2020 साली तो आला तेव्हा साध्या आवृत्तीची किंमत 3,999 रुपये होती, आणि नोव्हेंबर 2022 पासून त्यात दोन ग्लायडरही आली. पण 2020 च्या त्या सिम्युलेटरला 150 जीबी जागा लागते. रोज 2 जीबीच्या मोबाईल पॅकवर तेवढं उतरवायला 75 दिवस लागतील. घरी फायबर नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. क्रॉस-कंट्रीसाठी जगभरचे ग्लायडर वैमानिक ‘काँडोर’ वापरतात आणि माझंही मत त्यालाच आहे. झोत, डोंगराच्या उतारावर वर चढणारा वारा, ढग हे सगळं त्यात ग्लायडरच्या नजरेने मांडलेलं आहे आणि एकाच आकाशात अनेकांना एकत्र उडता येतं. विंडोज लागतं. पैसे युरोत भरावे लागतात, म्हणून कार्डावर परदेशी व्यवहार आधी सुरू करून घ्या आणि बँकेचा अधिभार हिशोबात धरा.

जॉयस्टिक मात्र घ्या. मूठ पिळता येणारी साधी जॉयस्टिक साधारण तीन-चार हजारांत येते आणि तीच रडरचंही काम करते. पायाचे पेडल तिच्या कितीतरी पट महाग पडतात. पहिल्या वर्षी त्यांची गरज नाही.

खरी किंमत आहे ती गुरूच्या तासाची. स्क्रीनवर 1,200 मीटर उंची आहे. चढ-उतार दाखवणारा व्हेरिओमीटरचा काटा उसळतो, शिकणारा घाईने वळतो, अर्ध्या वळणात काटा खाली पडतो आणि झोत हरवतो. त्याच आकाशात शेजारी उडणारा गुरू कानात सांगतो, “थांब. काटा चढू दे, मनात तीन मोज, मग वळ. आणि डोळे काट्यावर नको, बाहेर ठेव.” हे पुस्तकातून हाताला येत नाही. पुढे हिशोब येतो: 1,000 मीटर उंचीवरून 1 ला 30 या घसरणीने कागदावर 30 किलोमीटर जाता येतं, पण गुरू 20 च धरायला लावतो आणि उतरायचं शेत वेळेवर निवडायला लावतो. चुकीच्या शेतात दहा वेळा उतरण्याची मुभा फक्त इथेच आहे.

बरेच वैमानिक हौसेने, पैसे न घेता शिकवतात. कोणी फी मागितली तर तासावर ठरवा, दहा तासांचं पॅकेज आगाऊ भरू नका. स्वतः खऱ्या ग्लायडरवर किती अंतर उडालात, हे विचारायला लाजू नका. गुरू जर्मनीत असेल तर त्याचे रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. त्या वेळी वीज गेली तरी लॅपटॉप तग धरतो, पण राउटर बंद पडतो. त्याला छोटा बॅकअप जोडा.

खर्चातली शेवटची, पण सोडू नये अशी रक्कम म्हणजे हडपसरचा एक दौरा: येणं-जाणं, एक मुक्काम आणि उड्डाणाचं शुल्क. निघण्यापूर्वी फोन करून उड्डाणं सुरू आहेत का, आजचा दर काय, हे विचारून घ्या. पेडल किंवा महागड्या ग्राफिक्स कार्डासाठी ठेवलेले पैसे इथे वापरा. विंचच्या दोराने ग्लायडर वर खेचलं जातं तेव्हा पाठ आसनात कशी दाबली जाते, हे कुठलाच स्क्रीन सांगत नाही. आणि घरच्या संगणकावर उडवलेला एकही तास परवान्यासाठी मोजला जात नाही.