मांगराला एक पावसाळा काढू दे

बाय, जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिचं फिरतं घर करायचं तुझ्या मनात आहे, असं तू सांगितल्यापासून माझ्याही डोक्यात तेच घोळतंय. तारकर्ली-देवबागला येणाऱ्या पाहुण्यांना असं काही वेगळं आवडेल, हे तुझं म्हणणं खरं आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. तरी मोठी बहीण म्हणून स्पष्ट सांगते, हाताशी आहेत तेवढ्या पैशांत गाडीच्या नादाला लागू नको.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ वाच. कंपनीने बनवलेल्या गाडीच्या मूळ रचनेत आपल्या मनाने बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. गॅरेजवाला आत पलंग-ओटा ठोकून देईल, पण पुढे आरटीओ आणि विमा या दोन्ही ठिकाणी तूच अडकशील. चालवायची नाही, नुसती माडांखाली उभी ठेवायची म्हटलीस, तर आपला खारा वारा तिचा पत्रा खाणार आणि चैत्र-वैशाखात आत कुणाला बसवणार नाही.

तुझ्या वाट्याच्या बागेत मांगर आहे गो! चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे हातभर पडवी. आज त्यात नारळाची सोडणं, जळाऊ लाकडं नि मोडकी अवजारं पडलीयत, म्हणून तुला ते घर वाटत नाही. पण एका खोलीत पलंग, कपाट, चहाचा ओटा, न्हाणी असं सगळं बोटाबोटाने मोजून बसवायची जी हौस तुला गाडीत भागवायची आहे, ती इथेही भागेल. आणि इथे पाया तुझा आहे.

आता माझं मुख्य सांगणं ऐक. मांगराला आधी एक पावसाळा काढू दे, मग सजव. छप्पर, भिंती, न्हाणी, वीज एवढं मेपर्यंत उरक. जून-जुलैत रोज आत जाऊन बघ, कुठे गळतंय, कुठे भिंत ओल धरतेय. आपल्याकडे पाऊस धो धो पडतो. त्याने पास केलेल्या खोलीतच गादी-पडद्यांवर पैसे घाल. बायका घर सजवायला आधी पडदे आणतात, आणि श्रावणात त्याच पडद्यांवर बुरशीचे काळे ठिपके दिसले की सगळी उमेद जाते. तुझी उमेद जायला नको म्हणून हा क्रम सांगतेय.

पहिली कुदळ मारण्याआधी कागद बघ. ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ चा उतारा काढ आणि त्यावर मांगराची नोंद आहे का, किती चौरस फुटांची आहे, हे पाहा. सातबारा सामाईक असेल तर त्यावरच्या प्रत्येकाची लेखी संमती घे. मुंबईच्या काकांनी फोनवर "कर गो बिनधास्त" म्हटलं तरी संमतीपत्रावर सही हवीच. आज मांगराकडे कुणी ढुंकून बघत नाही. त्यातून चार पैसे यायला लागले की सगळ्यांना आपला वाटा आठवतो, आणि मग नाती तुटतात. समुद्र जवळ असल्यामुळे सीआरझेडचं, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचंही विचारून घे. २०१९ च्या अधिसूचनेत गावातल्या लोकांना आपल्या जुन्या घरात पाहुणे ठेवायची मुभा आहे, पण घराचा पाया, रचना आणि दर्शनी भाग बदलायचा नाही या अटीवर. मांगर त्या 'घरा'त बसतो की नाही, हे ग्रामपंचायतीकडून आणि तहसील कचेरीतून लेखी घे. कसंही असलं तरी पाया वाढवायचा नाही, वर स्लॅब टाकायचा नाही, हे मनाशी पक्कं कर. पैसेही त्यानेच वाचतात.

पैशांची वाटणी मी अशी करीन. शंभरातले चाळीस छपराला, पंचवीस न्हाणी-संडासाला, पंधरा विजेला, बारा भिंती आणि जमिनीला. उरलेले आठ सजावटीला, आणि ते वेगळ्या डब्यात ठेव. कुणीही मागितले तरी गणपतीपर्यंत काढू नको.

छपरापासून सुरुवात कर. सुताराला घेऊन प्रत्येक वासा ठोकून बघ. खणखणीत आवाज आला तर राहू दे, बद्द आवाज आला तर पेचकस टोचून पाहा. टोक लोण्यात रुतल्यासारखं आत गेलं की वाळवीने आतून पोकळ केलाय असं समज, तो बदलायचाच. नवं लाकूड घेण्याआधी आजूबाजूच्या वाड्यांत चौकशी कर. कुणी ना कुणी जुनं घर पाडून स्लॅबचं बांधत असतं. तिथे किंजळीचे वासे, फणसाची दारं, गजांच्या खिडक्या, जुनी कौलं निम्म्याहून कमी भावात मिळतात. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला, आणि तेव्हापासून त्या साच्याची कौलं आपल्या किनाऱ्यावर येतायत. जुनं कौल बोटाने वाजवून घे. चिरलेलं असेल तर आवाजच सांगतो. मात्र निरनिराळ्या कारखान्यांची कौलं एका पाख्यावर घालू नको, त्यांच्या खाचा एकमेकींत बसत नाहीत आणि पाणी तिथूनच आत येतं.

लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लाव. काजू कारखान्यांतून ते मिळतं, होडीवालेही वापरतात, आणि वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. पण कातडीवर पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात, तेव्हा हातमोजे घालूनच काम कर आणि पोरांना जवळ येऊ देऊ नको. पाख्यात दोन काचेची कौलं बसव. सकाळी दहाच्या सुमाराला त्यांतून उन्हाचे दोन चौकोन जमिनीवर उतरतात आणि भिंतीकडे सरकत जातात. खोली दुप्पट मोठी वाटते आणि दिवसा दिवा लागत नाही. कौलांखाली स्वस्तातला पत्रा टाकू नको. खाऱ्या हवेत तो कुजतो आणि वर कौलं असल्यामुळे कळतही नाही. वळचणीची कौलं तारेने बांधून घे. मे २०२१ मधलं तौक्ते वादळ आठव. आपल्या किनाऱ्यावरच्या किती घरांची कौलं पत्त्यांसारखी उडाली!

भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नको, गवंडी कितीही आग्रह करो. जांभा चिरा ओल घेतो आणि सोडतो. त्यावर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, लोणा लागतो आणि दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. चिऱ्यांमधल्या दरजा चुन्याने भरून घे. बाहेरून चिरा उघडा राहिला तरी शोभतो, आतून चुन्याची सफेदी कर. चुना पंधरा दिवस तरी भिजत ठेव, गाळून घे, त्यात थोडा डिंक नि चिमूटभर नीळ घाल, आणि एका जाड हाताऐवजी तीन पातळ हात दे. चुना भिजवताना तो उकळतो, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवाच. कुणी किनाऱ्यावरची फुकट वाळू आणून देतो म्हणाला तर हात जोड. ती काढायला बंदी आहे, आणि तिच्यातलं मीठ भिंतीतून वर्षानुवर्षं बाहेर येत राहतं.

जमीन शेणाने सारवलेली पाहुण्यांना बघायला आवडते, पण ती रोज राखायला माणूस लागतं. तुला दोन लहान मुलं आहेत. लाल रंगाचा कोबा करून घे. पुसायला सोपा, पायाला गार, आणि फरशीच्या मानाने स्वस्त.

न्हाणी-संडासात मात्र हात आखडू नको. पाहुणा एसीशिवाय झोपतो, पण अस्वच्छ संडास विसरत नाही. शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब हवा, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला तर नकोच. आपल्याकडे पावसात पाणी वर येतं, म्हणून खड्डा उथळ ठेव आणि दोन कर. एक भरला की दुसरा वापरायचा. विजेचं काम परवानाधारक माणसाकडूनच करून घे. अर्थिंग आणि गळतीचा करंट तोडणारा स्विच, या दोन गोष्टींवर एक रुपयाही वाचवू नको. बिजागऱ्या, कड्या, हूक पितळेचे घे. लोखंडाचे आज स्वस्त पडतात, पण इथल्या हवेत त्यांचा गंज वर्षभरात चादरींवर उतरतो.

हे सगळं पावसात टिकलं की गणपतीनंतर तो आठ रुपयांचा डबा उघड. आता तुझ्या हौसेला मोकळं रान! पण बाजारातून आणण्याआधी माळ्यावर चढ. आजीचं घंगाळ, पाट, आडणी, रोवळी, सूप, जुना कंदील, एवढ्यात अर्धी खोली सजते. आईच्या सुती साड्यांची गोधडी शिवून पलंगावर घाल. पलंगाखाली खण कर, भिंतीला घडीचं टेबल लाव, आणि दारामागे ओल्या कपड्यांसाठी खुंट्या ठोक. समुद्रावरून आलेल्या माणसाला पहिल्यांदा त्याच लागतात. पायपुसणी नि दोर काथ्याचे घे. पडवीला पश्चिमेकडून चुडतांचे झाप लाव, ऊन आणि तिरका पाऊस दोन्ही अडतात.

एकच वस्तू विकत घे, पण आपल्या जिल्ह्याची घे. पिंगुळीच्या ठाकर कलाकारांनी काढलेलं चित्रकथीचं चित्र, किंवा सावंतवाडीच्या चितारआळीतलं लाकडी काम. पिंगुळीची ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. पाहुण्याने भिंतीकडे बोट दाखवून विचारलं, की तुला सांगण्यासारखं काही असेल, आणि कदाचित तो दुसऱ्या दिवशी पिंगुळीला जाईलही. १९९७ मध्ये आपला जिल्हा पर्यटन जिल्हा झाला. त्याचा पैसा मोठ्या हॉटेलांपाशीच न थांबता कलाकारांच्या, सुतारांच्या, काथ्या वळणाऱ्या बायकांच्या घरी पोचावा, असं मला मनापासून वाटतं. तुझ्या एका खोलीतूनही तो पोचू शकतो.

शेवटचं, आणि हे जरा कान देऊन ऐक. पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी करशील ती तुझ्या नावावर कर. कर्ज लागलं तर महिलांसाठीचं २०२३ चं 'आई' पर्यटन धोरण बघ. त्यात पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा आहे, अटी नीट वाचून घे. बँकेचं खातंही तुझंच असू दे. भावोजी चांगलेच आहेत, प्रश्न त्यांचा नाही. आपल्याकडे बाई पहाटे उठून घावणे काढते, चादरी धुते, पाहुण्यांचं आजारपणही काढते, आणि हिशेबाच्या वहीत तिच्या कष्टांचा आकडाच नसतो. तू पहिल्या दिवसापासून स्वतःची मजुरी लिहीत जा. ती वजा जाऊन काही उरलं तर तो नफा.

या आठवड्यात फार काही करू नको. नमुना ८ काढ, काकांना संमतीपत्राचा मसुदा पाठव, आणि सुताराला बोलावून वासे ठोकून घे. किती वासे बदलायचे ते कळलं की मला फोन कर, मग आपण दोघी मिळून खर्चाची यादी करू. पडद्यांच्या रंगाचं मात्र भादव्यानंतर बोलू.