‘नो’ या इंग्रजी क्रियापदाचे जर्मन पर्याय : मराठीच्या आधारे एक विचार

पुण्यातील मराठी विद्यार्थी जर्मन भाषेपर्यंत बहुधा इंग्रजीच्या वाटेने पोहोचतो. मोल्सवर्थ आणि कॅन्डी यांच्या १८४७ च्या इंग्रजी-मराठी कोशासारखे भक्कम साधन इंग्रजीला फार पूर्वीच लाभले. जर्मन शब्दाचा अर्थ मात्र आधी इंग्रजीत व मग मराठीत पाहण्याची सवय आजही आढळते. या मध्यस्थीत काय हरवते, हे ‘नो’ या एका क्रियापदावरून तपासता येते.

वारजे येथे राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या तोंडी सहज येतील अशी चार वाक्ये घ्यावीत : ‘मी शेजारच्या काकांना ओळखतो’, ‘वारजे १९९७ साली महापालिकेच्या हद्दीत आले, हे मला माहीत आहे’, ‘मला जर्मन येते’, ‘मुठेला पूर आल्याचे मला काल कळले’. पहिल्या तिन्ही वाक्यांत इंग्रजी ‘नो’ हेच क्रियापद वापरते. चौथ्यातही ‘केम टू नो’ असे म्हणून भागवता येते. जर्मन भाषा मात्र अनुक्रमे ‘केनेन’, ‘विसेन’, ‘क्योनेन’ आणि ‘एरफारेन’ अशी चार निराळी क्रियापदे योजते. म्हणजे जर्मनने केलेला भेद मराठीत आधीपासूनच आहे. इंग्रजीतून जाताना तो पुसला जातो आणि नंतर नियम म्हणून नव्याने पाठ करावा लागतो.

या भेदाचे महत्त्व केवळ व्याकरणापुरते नाही. ‘पोहायचे कसे हे मला माहीत आहे, पण मला पोहता येत नाही’ या मराठी वाक्यात कोणताही विरोध नाही. पूर्वार्धात माहिती आहे, उत्तरार्धात कौशल्याचा अभाव आहे. इंग्रजीतील ‘नो हाउ टू’ ही रचना सामान्यतः कौशल्याचाच बोध करून देत असल्याने तेथे हे वाक्य अडखळते. जर्मनमध्ये पूर्वार्धाला ‘विसेन’ आणि उत्तरार्धाला ‘क्योनेन’ योजले की अर्थ जसाच्या तसा उतरतो. येथे इंग्रजीवर विसंबणारा अनुवादक माहितीच्या जागी कौशल्य लिहून बसण्याचा धोका आहे.

तथापि मराठी व जर्मन यांची विभागणी सर्वत्र जुळते, असे मानणे चुकीचे ठरेल. ‘मला वारजे माहीत आहे’ येथे मराठीत ‘माहीत असणे’ आहे, म्हणून ‘विसेन’ योजल्यास वाक्य चुकते. परिचित स्थळासाठी ‘केनेन’च हवे. ‘विसेन’ला मुख्यतः वस्तुस्थिती सांगणारे गौण वाक्य अपेक्षित असते. काही नामांपुढे मात्र दोन्ही क्रियापदे चालतात. ‘रस्ता माहीत असणे’ यासाठी ‘केनेन’ योजल्यास रस्त्याचा परिचय, तर ‘विसेन’ योजल्यास कोणत्या वाटेने जावे याची माहिती सूचित होते. उलटपक्षी ‘ओळखणे’ या मराठी क्रियापदाची व्याप्ती ‘केनेन’हून मोठी आहे. ‘मी त्यांना आवाजावरून ओळखले’ येथे ‘एरकेनेन’ लागते. वाक्यरचनेतही अंतर आहे. ‘मला येते’, ‘मला कळते’ यांत जाणणारी व्यक्ती चतुर्थीत राहते व ज्ञान तिच्याकडे येते. जर्मनमध्ये ती प्रथमेत येऊन वाक्याचा कर्ता होते.

व्युत्पत्तीही या विवेचनास पूरक आहे. इंग्रजी ‘नो’ व ‘कॅन’, जर्मन ‘केनेन’ व ‘क्योनेन’ आणि संस्कृत ‘ज्ञा’ ही एकाच मूळ धातूची अपत्ये होत. मराठी ‘जाणणे’ हे ‘ज्ञा’पासूनच आले. ‘विसेन’चे नाते संस्कृत ‘विद्’ धातूशी, म्हणजे ‘वेद’ व ‘विद्या’ यांच्याशी आहे. जुन्या इंग्रजीतही या धातूचे ‘विटान’ हे क्रियापद होते. ते लोप पावल्यावर त्याचा भार ‘नो’वर पडला. इंग्रजीतील अनेकार्थता ही अशा ऐतिहासिक संकोचातून वाढलेली आहे.

यावरून अनुवादकासाठी एक कार्यपद्धती निष्पन्न होते. ‘नो’चा पर्याय शोधण्यापूर्वी ते वाक्य मनात मराठीत म्हणून पाहावे आणि परिचय, माहिती, कौशल्य की नव्याने झालेला बोध, हे ठरवावे. त्यानंतर कर्मस्थानी नाम आहे की वाक्य, याची जर्मनच्या नियमांनुसार परीक्षा करावी. मराठी येथे अंतिम निर्णय देत नाही. परंतु योग्य प्रश्न विचारावयास ती शिकविते. परभाषेच्या वर्गात मातृभाषेला अडथळा समजणाऱ्यांनी तिचे हे साहाय्य दुर्लक्षू नये.