कर्णधार वाडेकर : निवृत्तीनंतरचे मूल्यमापन

खेळाडू निवृत्त झाला की त्याच्या धावा मोजता येतात, पण कर्णधाराचे मोजमाप कशाने करावयाचे? जिंकलेले सामने मोजावेत, तर त्यात गोलंदाजांचा वाटा किती आणि त्याचा किती, हा वाद उरतोच. अजित वाडेकरांच्या बाबतीत तर तो आजही मिटलेला नाही. 'नशीबवान कर्णधार' हे बिरूद त्यांना जे चिकटले, ते १५ ऑगस्ट २०१८ रोजी त्यांचे निधन झाल्यावरही सुटले नाही. मला हे बिरूद अन्यायाचे वाटते.

आकडे प्रथम पाहू. सोळा कसोटींत नेतृत्व. चार विजय, चार पराभव, आठ अनिर्णित. यावरून कोणी त्यांना थोर म्हणणार नाही. पण त्या चार विजयांनी तीन मालिका जिंकल्या : १९७१ मध्ये वेस्ट इंडिज व इंग्लंडमध्ये आणि १९७२-७३ मध्ये मायदेशी इंग्लंडविरुद्ध. पहिल्या दोन्ही देशांत भारताने त्याआधी एकही कसोटी जिंकलेली नव्हती.

नशीब होतेच, हे मान्य करू. पतौडींच्या जागी वाडेकर आले ते निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन ही फिरकीची चौकडी पतौडींच्या कारकिर्दीतच घडली होती. गावसकर नेमके त्याच दौऱ्यात उदयास आले. पण किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीचे काय? पावसाने पहिला दिवस वाया गेला. सरदेसाईंच्या २१२ धावांच्या जोरावर भारताच्या ३८७ झाल्या, वेस्ट इंडिजचा डाव २१७ वर आटोपला. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑनसाठी दोनशेची आघाडी लागते. मात्र खेळ चारच दिवसांचा उरला तर दीडशे पुरतात. वाडेकरांना हा नियम ठाऊक होता. त्यांनी सोबर्सच्या संघाला पुन्हा फलंदाजीस बोलावले. सामना अनिर्णित राहिला, पण मालिकेचा रंग तेथेच पालटला. पुढची पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी भारताने सात गडी राखून जिंकली. नियमपुस्तिका वाचणे याला नशीब म्हणत नाहीत!

ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंडचा डाव १०१ वर कोसळला आणि २४ ऑगस्ट १९७१ रोजी भारताने चार गडी राखून विजय मिळविला.

तीनच वर्षांनी तेच इंग्लंड, तेच कर्णधार, आणि ०-३ असा पराभव. लॉर्ड्सवर सारा संघ ४२ धावांत गारद. मला येथे ऋतूचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. १९७१ च्या कसोट्या जुलैच्या उत्तरार्धात सुरू होऊन ऑगस्टअखेर संपल्या. १९७४ च्या जूनच्या पहिल्या आठवड्यातच सुरू झाल्या. इंग्लंडच्या ओलसर, थंड जूनमध्ये चेंडू हवेत वळतो, फिरकीला मात्र खेळपट्टी साथ देत नाही. अर्थात संघात एकोपा नव्हता, हेही खरे. त्याची जबाबदारी कर्णधाराचीच. पण लोकांना कारणे नको होती. १९७१ च्या विजयाप्रीत्यर्थ इंदूरला उभारलेल्या भव्य बॅटीची विटंबना झाली. वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळण्यात आले, आणि तेहतिसाव्या वर्षीच ते निवृत्त झाले. डावखुऱ्या शैलीच्या या फलंदाजाच्या नावावर ३७ कसोटींत २११३ धावा आणि एकच शतक, १९६८ मधले वेलिंग्टनचे १४३. हा फलंदाज आणखी दोन-तीन वर्षे खेळू शकला असता असे मला वाटते.

स्टेट बँकेतील नोकरीत ते रमले असे समजून आपण हा अध्याय मिटवला असता. पण १९९२ मध्ये ते भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले, आणि माझ्या मते त्यांच्या नेतृत्वाची खरी उलटतपासणी येथे होते. १९९३ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला. अझरुद्दीनच्या संघाने कुंबळे, राजू व चौहान असे तीन फिरकी गोलंदाज खेळविले आणि मालिका ३-० अशी जिंकली; एकट्या कुंबळेने २१ बळी घेतले. या वेळी ना पतौडींची चौकडी होती, ना गावसकर. फिरकीवर भरवसा ठेवण्याची रीत मात्र तीच होती.

१९९६ मध्ये विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात ईडन गार्डन्सवर श्रीलंकेपुढे डाव कोसळला, प्रेक्षक खवळले आणि सामना अर्ध्यातच श्रीलंकेला बहाल करावा लागला. लोकांचा तो संताप व्यवस्थापक वाडेकरांना नवा नव्हता. पुढे १९९८ मध्ये ते निवड समितीचे अध्यक्ष झाले, म्हणजे ज्या खुर्चीतून मर्चंटांनी त्यांच्या बाजूने मत टाकले होते, त्याच खुर्चीत बसले.