रविवारचे हाँगकाँग

चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर हाँगकाँग हे विख्यात शहर वसलेले आहे. मुख्य भूमीला जोडलेला कौलूनचा भाग, त्याच्या समोरचे हाँगकाँग बेट आणि ह्या दोहोंच्या मधून वाहणारा समुद्राचा निळा पट्टा, असे ह्या शहराचे मोठे मनोहर रूप आहे. बेटाच्या पाठीशी व्हिक्टोरिया शिखर ५५२ मीटर उंच उभे आहे. डोंगर आणि समुद्र ह्यांच्यामध्ये सपाट जमीन थोडी; म्हणून येथील घरे आडवी न पसरता आकाशाकडे वाढली. दीडशे वर्षांहून अधिक काळ हे शहर इंग्रजांच्या ताब्यात होते. १ जुलै १९९७ रोजी ते चीनच्या स्वाधीन झाले.

व्यापार आणि पेढ्या ह्यांसाठी हाँगकाँगची ख्याती जगभर आहे. परंतु ह्या श्रीमंत शहराची घरे ज्यांच्या श्रमांवर चालतात, त्या लोकांची ओळख मात्र फारच थोड्यांना असते. परदेशांतून येऊन घरकाम करणाऱ्या ३ लाखांहून अधिक व्यक्ती येथे राहतात. त्यांपैकी बहुतेक स्त्रिया आहेत. निम्म्याहून अधिक फिलिपिन्सच्या, तर उरलेल्यांपैकी बऱ्याच इंडोनेशियाच्या. १९७० नंतरच्या दशकात त्यांचे येथे येणे सुरू झाले, ते आजतागायत चालू आहे. स्वयंपाक करणे, कपडे धुणे, वृद्धांची शुश्रूषा करणे, मुलांना शाळेत पोचविणे व आणणे ही त्यांची कामे. त्यांतील कित्येकींची स्वतःची मुले दूर गावी आजीजवळ किंवा मावशीजवळ वाढत असतात. दुसऱ्याच्या लेकराला घास भरवीत असताना त्या मातेचे मन कोठे धावत असेल, हे काय सांगावयास हवे?

मालकाच्या घरीच राहिले पाहिजे, असा येथील नियम आहे. त्यामुळे काम संपले तरी स्वतःचे असे घर त्यांना नसते. नोकरीचा करार दोन वर्षांचा असतो. तो मध्येच तुटला, तर सामान्यतः दोन आठवड्यांच्या आत त्यांना शहर सोडावे लागते. कितीही वर्षे सेवा केली, तरी येथे कायमचे राहण्याचा हक्क त्यांना मिळत नाही. त्यासाठी त्यांच्यापैकी काहींनी न्यायालयात दाद मागितली. परंतु २०१३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. मात्र आठवड्यातून एक पूर्ण दिवसाची सुटी कायद्याने त्यांना दिलेली आहे. बहुतेकींच्या वाट्याला ही सुटी रविवारी येते.

म्हणून रविवार उजाडला, की हाँगकाँगचे रूप पालटते. बेटावरील मध्यवर्ती भागात, जेथे एरवी पेढ्यांच्या कारभाऱ्यांची लगबग असते, तेथे शेकडो स्त्रिया जमू लागतात. त्या दिवशी तेथील चेटर रस्ता वाहनांना बंद असतो. एका मोठ्या बँकेच्या उत्तुंग इमारतीचा तळमजला चोहोंकडून मोकळा आहे. त्याच्या सावलीत त्या पुठ्ठे व सतरंज्या अंथरतात. खोक्यांचे पुठ्ठे उभे करून लहानशा भिंतीही रचतात. पायताणे बाहेर काढून ठेवतात, आणि घटकाभरात तेथे एक घर उभे राहते! डबे उघडले जातात. कोणी शिरका घालून शिजविलेले मांस आणते, तर कोणी शेवया आणते. कोणी मैत्रिणीचे केस कापते, कोणी गाणी म्हणते, कोणी नाचाचा सराव करते. कोणी भली मोठी खोकी भरीत बसते. साबण, कपडे, खाऊ, खेळणी ह्यांनी भरलेली ती खोकी जहाजाने फिलिपिन्सला जातात, आणि तेथे मुले त्यांची वाट पाहत असतात. नव्याने आलेल्या मुली वडीलधाऱ्या स्त्रियांना ‘आते’ म्हणून हाक मारतात. त्यांच्या भाषेत ‘आते’ म्हणजे आपल्याकडची ताई. परक्या मुलखात अशी एक ताई लाभली, की निम्मे दुःख हलके होते.

ह्या जागांचीही एक मौज आहे. फिलिपिन्सच्या स्त्रिया जेथे जमतात, त्या पुतळ्याच्या चौकात पूर्वी व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता. तो आता व्हिक्टोरिया उद्यानात उभा आहे, आणि त्या उद्यानात इंडोनेशियाच्या स्त्रिया जमतात. राणीसाठी सजविलेल्या जागा रविवारी कष्टकऱ्यांच्या होतात.

सगळ्याच जणी बसून राहत नाहीत. कित्येक मैत्रिणी मिळून शहर पाहावयास निघतात. ट्रामगाडीत दाटीवाटीने बसून त्या बेटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात. ही ट्राम १९०४ पासून तेथे धावत आहे. कधी त्या व्हिक्टोरिया शिखरावर चढतात. ज्या घरांत आठवडाभर राबावे लागते, ती घरे वरून काड्यापेट्यांएवढी दिसतात, आणि त्यांच्या पलीकडे समुद्र मोकळा पसरलेला असतो. कधी त्या ‘स्टार फेरी’च्या बोटीने पलीकडे कौलूनला जातात. ह्या बोटींशी आपल्या देशाचेही नाते आहे. दोराबजी नवरोजी मिठाईवाला ह्या पारशी गृहस्थांनी १८८८ साली ज्या कंपनीची स्थापना केली, तीच पुढे ‘स्टार फेरी’ म्हणून प्रसिद्धीस आली. तेही परदेशातून पोट भरावयास आलेले. पण त्यांनी सुरू केलेली वाट आज साऱ्या शहराची झाली आहे.

मैत्रिणींच्या अशा भटकंतीत पुष्कळशा जणी छायाचित्रे काढतात. मात्र झायझा क्रूझ बकानी हिच्या हातात कॅमेरा आला, तेव्हा काही निराळेच घडले. झायझा ही फिलिपिन्समधील एका खेड्यातली मुलगी. ती लहान असतानाच आई परदेशी कामाला गेली, आणि धाकट्या भावंडांचा सांभाळ तिच्यावर आला. एकोणिसाव्या वर्षी तीही हाँगकाँगला आली व आई जेथे काम करीत होती, त्याच घरी कामाला लागली. मालकिणीकडून पैसे उसने घेऊन तिने कॅमेरा विकत घेतला. सुटीच्या दिवशी ती रस्त्यांतून हिंडे आणि पाऊस, सावल्या व वाटसरू ह्यांची काळी-पांढरी चित्रे टिपी. पुढे छळ सोसून घराबाहेर पडलेल्या मोलकरणींच्या आश्रयगृहात ती जाऊ लागली. त्यांची दुःखे तिने जगापुढे मांडली. २०१५ साली तिला न्यूयॉर्कमधील छायाचित्रकलेच्या अभ्यासासाठी एक मानाची शिष्यवृत्ती मिळाली. २०१८ साली तिचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘आम्ही हवेसारखे आहोत’ अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. हवा दिसत नाही, पण तिच्यावाचून कोणाचेही चालत नाही!

प्रेक्षणीय स्थळे पाहून परतणारा प्रवासी शिखर, बंदर आणि दिव्यांची रोषणाई ह्यांचे वर्णन करतो. ते वर्णन खोटे नसते. पण ते अपुरे असते. एखादे शहर खऱ्या अर्थाने पाहावयाचे, तर तेथे राबणारे हातही पाहिले पाहिजेत. रस्त्याच्या कडेला पुठ्ठ्यावर बसून हसणाऱ्या ह्या मैत्रिणी कशाच्या बळावर परका मुलूख आपलासा करतात, ह्याचे उत्तर त्यांच्या हातातल्या एकाच डब्यातून चौघींनी खाल्लेल्या घासात आहे. सोमवारी पहाट होताच त्या पुन्हा कामाला लागतात. पण पुढचा रविवार येणार आहे, एवढा भरवसा त्यांना पुरेसा असतो.

स्वाध्याय

१. हाँगकाँगमधील घरे उंच का वाढली?
२. रविवारी मध्यवर्ती भागाचे रूप कसे पालटते, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. ‘आम्ही हवेसारखे आहोत’ ह्या नावातील अर्थ स्पष्ट करा.
४. ‘राणीसाठी सजविलेल्या जागा रविवारी कष्टकऱ्यांच्या होतात’, असे लेखकाने का म्हटले आहे?
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : शुश्रूषा, भरवसा, आजतागायत, आपलासा करणे.
६. आपल्या गावी दुरून कामासाठी आलेल्या एखाद्या व्यक्तीची दिनचर्या समजावून घ्या व तिच्याविषयी दहा ओळी लिहा.